लेहरा कोण धरतो? एकल तालवादनाच्या मुद्रण-प्रकल्पाच्या नोंदी

22 सप्टेंबर 2024, अंबाजोगाई

आजपासून कामाची वही सुरू करीत आहे. आमच्या परिसरातील तालवाद्ये एकटी वाजतात तेव्हा कशी वाजतात, हे व्यवस्थित ध्वनिमुद्रित करून तबला-पखवाज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा संग्रह तयार करावा, एवढाच या कामाचा हेतू आहे. संबळ, हलगी, तबला आणि पखवाज अशी चार वाद्ये ठरली आहेत. ढोलकीही यादीत होती, परंतु ज्यांच्यावर भिस्त होती ते ढोलकीवाले फडाबरोबर बाहेरगावी असल्याने तिचे नाव आजच काढावे लागले. आम्ही तिघे आहोत: मी, ध्वनिमुद्रणाची माहिती असलेला एक मित्र आणि संवादिनी वाजवणारा माझा एक विद्यार्थी. प्रत्येक वाद्याचा नाद शक्य तितका स्वच्छ आणि सुटा मिळावा, त्यात दुसऱ्या कशाचीही भेसळ नसावी, असे आज तरी ठरले आहे.

29 सप्टेंबर 2024, तुळजापूरजवळील एक गाव

नवरात्र गुरुवारी सुरू होते आणि एकदा घट बसले की गोंधळी मंडळींना श्वास घेण्याचीही फुरसत नसते, म्हणून आजचा रविवार गाठला. संबळ वाजवणारे मामा साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याबरोबर तुणतुणे धरणारे त्यांचे धाकटे भाऊ आणि झांज वाजवणारा एक मुलगा आला होता. ठरल्याप्रमाणे आम्ही त्या दोघांना विनंती करून ओसरीवर बसवले, संबळाच्या दोन्ही तोंडांपासून हातभर अंतरावर एक-एक मायक्रोफोन लावला आणि मामांना एकट्यानेच वाजवण्यास सांगितले.

गोंधळात देवीला आवाहन झाल्यावर मामा दहा-बारा मिनिटे सलग संबळ घुमवतात, हे मी स्वतः अनेकदा ऐकले आहे. आज ते अडीच मिनिटांत थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी संबळ जरा बाजूला सारून म्हणाले, "गुरुजी, तुणतुणं नसलं की कुठवर आलो तेच कळंना." आम्ही त्यांना धीर दिला, चहा झाला, आणि शेवटी चार मिनिटांचे एक वादन मिळाले. मुद्रणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते. शिखर पातळी कुठेही उणे 12 डेसिबलच्या वर गेली नाही, आणि लहान भांड्याचा टणत्कार व मोठ्याची घुमारेदार ओढ स्वतंत्रपणे ऐकू येतात. आम्ही समाधानाने घरी परतलो.

13 ऑक्टोबर 2024, अंबाजोगाई

दसरा काल झाला. आज संबळाचे मुद्रण चौथ्यांदा ऐकले, आणि समाधान ओसरले. नाद उत्तम आहे, हात तयार आहे, तरीही ऐकताना कान कुठे ठेवावा ते समजत नाही. एखादा माणूस फोनवर बोलत असावा आणि आपल्याला फक्त त्याच्याच बाजूची वाक्ये ऐकू यावीत, तसे ते मुद्रण वाटते.

म्हणून दिवसभर बसून, ज्यांच्या मुद्रणात तालवाद्य एकटेच पुढे येते अशा काही प्रसिद्ध तबकड्या ऐकल्या. प्रश्न एकच ठेवला होता: एकल वादन सुरू असताना मागे कोण आहे?

सर्वात स्पष्ट उत्तर डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीने 1959 मध्ये मुद्रित केलेल्या 'टेक फाइव्ह'मध्ये सापडले. पाच मात्रांची ही रचना पॉल डेझमंड यांची आहे, आणि मध्यावर ड्रमवादक जो मॉरेलो यांचा सोलो, म्हणजे एकल वादन, येतो तेव्हा ब्रुबेक पियानोवर तोच छोटा पाच मात्रांचा तुकडा न थकता फिरवत राहतात. आपल्याकडच्या कोणत्याही तबलावादकाला विचारले तर तो एका क्षणात सांगेल की हा लेहरा आहे, म्हणजे एकल वादनामागे तालाची मोजणी धरून सतत फिरत राहणारी धून. मॉरेलो घाई करीत नाहीत. ते मोठमोठ्या जागा रिकाम्या सोडतात, आणि पियानो मोजत असल्यामुळे त्या रिकाम्या जागाही मात्रेत राहतात. 1958 च्या दौऱ्यात ही चौकडी भारतात येऊन गेली होती. त्याचा या रचनेशी थेट संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो, कारण एकाच गरजेतून दोन ठिकाणी एकच युक्ती सुचणे यात नवल नाही.

ड्रमवादक मॅक्स रोच यांनी 1966 च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या ध्वनिमुद्रिकेत मागे कोणालाच ठेवले नाही. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' या तुकड्यात त्यांचे दोन पायच लेहरा धरतात. एका पायाने मोठ्या ढोलाचा ठोका पडतो, दुसऱ्या पायाने झांजांची जोडी मिटते, असा तीन मात्रांचा फेरा शेवटपर्यंत चालू असतो आणि वरती दोन हात मोकळे बोलतात. एकच माणूस साथीदारही आहे आणि एकल वादकही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लेड झेपेलिन या रॉक वाद्यवृंदाचे 'मोबी डिक' आहे. 1969 च्या तबकडीवर ते चार मिनिटांच्या आसपास आटोपते. रंगमंचावर मात्र जॉन बॉनम एकटेच पंधरा मिनिटे आणि कधी कधी अर्ध्या तासापर्यंत वाजवीत, आणि त्या वेळात बाकीचे तिघे चक्क आत निघून जात. लेहरा धरणाऱ्याला असे उठून जाता येत नाही, हा विचार ऐकताना सतत मनात येत होता. तरीही बॉनम यांचे वादन विस्कळीत वाटत नाही, याचे कारण मला असे दिसते की ज्या ठेक्यावर सर्वजण थांबले होते तो श्रोत्यांच्या अंगात मुरलेला असतो, आणि तो परत येणार याची खात्री असल्यामुळे हजारो माणसे मनातल्या मनात मोजत बसलेली असतात. बॉनम काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवू लागतात तेव्हा उठणारा कल्लोळ हे त्या मोजणीचेच चिन्ह आहे. घरी बसून तबकडी ऐकणाऱ्याला ही सोबत मिळत नाही. स्टुडिओतले वादन कापून लहान केले गेले, यात मला तरी चूक दिसत नाही.

कापण्याचा कळस 'आयर्न बटरफ्लाय' या रॉक वाद्यवृंदाच्या 1968 मधील गाण्यात झाला. मोठ्या तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारे ते सतरा मिनिटांचे गाणे लहान तबकडीसाठी तीन मिनिटांच्या आत बसवले गेले, आणि त्यात सर्वात आधी बळी गेला तो ड्रमच्या सोलोचा.

उलट उदाहरणही आहे. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने 1937 मध्ये 'सिंग, सिंग, सिंग' मुद्रित केले तेव्हा ते मिनिटाला 78 फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरावे लागले, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्येच उठून तबकडी उलटावी लागत असे. पुढच्या वर्षी, 16 जानेवारी 1938 रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात तेच बारा मिनिटांहून अधिक चालले. ते मुद्रण 1950 मध्ये प्रसिद्ध झाले म्हणून आज आपण दोन्ही ताडून पाहू शकतो. जीन क्रुपा यांचा ढोल त्यात इतरांच्या सोलोखालीही गुरगुरत राहतो. पियानोवादक जेस स्टेसी शेवटाकडे शांतपणे वाजवू लागतात तेव्हा तर ढोलच त्यांचा लेहरा झालेला असतो.

थोडक्यात, तुळजापूरच्या वाटेवर आम्ही जे स्वच्छ केले ती भेसळ नव्हती. संबळावाल्या मामांकडे पुन्हा जावे लागेल आणि या वेळी तुणतुण्यासमोर स्वतंत्र मायक्रोफोन ठेवावा लागेल.

24 ऑक्टोबर 2024, केज तालुका

हलगीचे मुद्रण आज उरकले, कारण आजच उरकणे भाग होते. हलगी वाजवणारे दादा आणि झांज धरणारा त्यांचा पुतण्या दोघेही ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे आणि दिवाळी झाली की टोळी पश्चिमेकडच्या कारखान्यावर निघेल, ती गुढीपाडव्याच्या सुमारासच परत येईल. बीड जिल्ह्यातील लोकवाद्यांचे वेळापत्रक पंचांगाइतकेच साखर कारखान्यांच्या हंगामावर चालते, हे अशा कामाला लागल्याशिवाय ध्यानात येत नाही.

जागा गावाबाहेरच्या मारुतीच्या पाराची निवडली. दादांनी आधी तुराट्या पेटवून हलगी शेकली. कातडे ओलसर हवेत सैल पडते आणि नाद बसका होतो, म्हणून दर काही मिनिटांनी ती पुन्हा जाळावर धरावी लागते. त्यामुळे मायक्रोफोन जाळापासून कितपत दूर ठेवायचा, यावर माझ्या मित्राची आणि माझी बरीच बोलाचाली झाली. अखेर हलगीसमोर दीड हातावर एक, झांजेसमोर दुसरा आणि जमलेल्या माणसांकडे तोंड करून चार मीटरवर तिसरा, अशी मांडणी ठरली. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे तिसऱ्या मायक्रोफोनवर हलगीचा ठोका पहिल्यापेक्षा सुमारे 10 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही तसेच एकत्र केले तर नाद पोकळ होतो. नंतर जुळवणी करताना हे अंतर हिशेबात धरावे लागेल, अशी खूण येथे करून ठेवतो.

जाड टिपरू एका हातात आणि लवचिक बारीक काडी दुसऱ्या हातात घेऊन दादांनी चौदा मिनिटे वाजवले. पहिली दोन मिनिटे साधी चाल होती. मग बारीक काडीचा कडकडाट वाढत गेला, मध्येच दुप्पट लय आली, आणि नवव्या मिनिटाच्या सुमारास असा काही प्रकार झाला की मी वहीत फक्त "9:10 पासून 9:40, विलक्षण आडलय, संग्रहातील सर्वोत्तम जागा" एवढेच लिहू शकलो (आडलय म्हणजे मूळ लयीला तिरकी जाणारी लय). झांज एका बाजूला आणि हलगी दुसऱ्या बाजूला जात आहे असे वाटत असतानाच दोघे एका ठोक्यावर येऊन मिळाले, आणि पारावर बसलेले लोक उभे राहिले.

वादन संपल्यावर मी विचारले की कुठे थांबायचे हे आधी ठरवलेले असते काय. दादा हसले. "आमी कुठं घड्याळ बघून वाजवतो, गुरुजी? लोकं हलायली की वाढवायचं, लोकं बसली की आवरायचं." मिरवणुकीत आता गाडीवरचे मोठे कर्णे आले, त्यापुढे हलगी ऐकू येत नाही आणि लोक हलले तरी ते हलगीमुळे हलले की कर्ण्यामुळे हे कळत नाही, अशीही तक्रार त्यांनी जाता जाता केली.

9 नोव्हेंबर 2024

तांत्रिक नोंद, आणि थोडी लाजिरवाणी. संबळाचे दुसरे मुद्रण वाया गेले. तुणतुणे या वेळी बरोबर होते, मामा खुशीत होते, अकरा मिनिटे अप्रतिम वादन झाले. परंतु यंत्रातील पातळी आपोआप सांभाळणारी सोय मी बंद केलीच नव्हती. परिणामी मोठा ठोका पडला की यंत्र घाबरून सर्वच आवाज खाली ओढते आणि पुढच्या शांत जागेत हळूहळू वर आणते, त्यामुळे तुणतुणे श्वास घेतल्यासारखे फुगते आणि दबते. भाषणासाठी ती सोय उत्तम आहे, तालवाद्यासाठी घातक. मोबाइलवर मुद्रित केलेले ढोल सपाट का ऐकू येतात याचेही मोठे कारण हेच आहे. मामांना पुन्हा त्रास द्यावा लागणार.

17 डिसेंबर 2024

उस्ताद झाकीर हुसेन गेले. रविवारी रात्री बातमी आली, मग ती खरी नाही असेही सांगण्यात आले, आणि काल सकाळी कुटुंबीयांनी ती दुर्दैवाने खरी असल्याचे कळवले. सॅन फ्रान्सिस्को येथे 15 तारखेला, वयाच्या 73 व्या वर्षी. आज वर्गात कोणी नवे काही शिकण्याच्या मनःस्थितीत नव्हते, म्हणून त्यांची एकल वादनाची मुद्रणे लावून बसलो.

या वहीपुरते एक निरीक्षण लिहितो. चित्रफितीत पाहिले तर ते वाजवताना वारंवार लेहरा धरणाऱ्याकडे पाहतात, हसतात, कधी समेच्या, म्हणजे तालाच्या फेऱ्यातील पहिल्या मात्रेच्या, आधी थांबून त्यालाच समेवर जाऊ देतात. श्रोत्यांची टाळी अशा ठिकाणी पडते. नुसता आवाज ऐकणाऱ्याला त्या जागी केवळ एक पोकळी मिळते, आणि ती पोकळी लेहऱ्यानेच भरून निघते. मुद्रणात लेहरा दबलेला असेल तर तोच विनोद अर्धवट ऐकू आल्यासारखा होतो.

12 जानेवारी 2025, अंबाजोगाई

तबल्याचे मुद्रण. वादक लातूरचे, वयाने माझ्याहून लहान, तयारीने बरेच मोठे. सकाळी एक प्रयोग करायचा असे आम्ही ठरवले होते: आधी मोबाइलमधील यांत्रिक लेहऱ्यावर तीनताल, नंतर माझ्या विद्यार्थ्याच्या संवादिनीवर तोच तीनताल, तोच क्रम.

यांत्रिक लेहऱ्यावर सोळा मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, वीस सेकंदांचे लावले आणि ते अर्थातच शेवटपर्यंत वीसच राहिले. पेशकार म्हणजे सुरुवातीचा संथ विस्तार झाला, दोन कायदे म्हणजे ठरावीक बोलांचे विस्तार झाले, सर्व काही समेवर आले. संवादिनीबरोबरही सुरुवात वीस सेकंदांनीच झाली. पण पेशकार रंगू लागला तसे आवर्तन आखडत गेले, आणि कायदे संपेपर्यंत ते साडेसतरा सेकंदांवर आले होते. विद्यार्थी खजील झाला. वादकांनी त्याला थांबवले आणि म्हणाले, "तू चुकला नाहीस बाळा, मी ओढलं आणि तू आलास." द्रुत रेल्यासाठी, म्हणजे वेगाने वाहणाऱ्या बोलांसाठी, मग लय मुद्दाम चढवली, तेव्हा आवर्तन सहा सेकंदांपर्यंत खाली आले.

दोन्ही मुद्रणे संध्याकाळी शेजारी ठेवून ऐकली. यंत्राबरोबरचे वादन अधिक नेटके आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यात तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या, आधीचा ताण नाही. तिहाईचे गणित तर दोन्हीकडे तेच आहे: पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एक-एक मात्रा रिकामी, म्हणजे एकूण सतरा, आणि सोळा मात्रांच्या तालात सतरावी मात्रा ही पुढची सम. समेपासून उचललेली अशी तिहाई पुढच्या समेवर पडणारच. फरक एवढाच की माणूस लेहरा धरतो तेव्हा ती तिहाई येत असल्याचे त्यालाही कळते, शेवटच्या तीन-चार मात्रांत त्याचा भाता किंचित जोरात हलतो, आणि सम दोघांची होते. यंत्राला सम आली काय, गेली काय, सारखेच.

आणि लेहराच पूर्ण काढून टाकला तर? माझ्या मित्राने खोडसाळपणे मुद्रणातील संवादिनीची पट्टी (वेगळा मुद्रित केलेला आवाज) बंद करून फक्त तबला ऐकवला. तीच तिहाई, तेच बोल, आणि मला ती समेवर पडली की नाही हे छातीठोकपणे सांगता आले नाही. तीस वर्षे शिकवतो आहे, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

जेवताना वादकांनी पंडित सुरेश तळवलकर यांचा विषय काढला. त्यांनी एकल तबल्यामागे केवळ लेहरा न ठेवता गायलेली बंदिश आणली. बंदिशीत शब्द आहेत, श्वास आहे, म्हणून तालाचे अंग नुसते मोजले जात नाही, ते ऐकू येते. आमच्या तुणतुण्याचेही काहीसे असेच आहे, कारण गोंधळात ते एकटे नसते, त्याच्या मागे झीलकऱ्यांचा, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांचा, आवाज असतो.

23 फेब्रुवारी 2025

पखवाज. आमच्या भागात या वाद्याचे नाव निघाले की आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांची आठवण होणे स्वाभाविकच आहे. भजनाच्या फडातला पखवाज मैफलीच्या मंचावर नेणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी ती परंपरा पुढे चालवली. आज आमच्यासमोर बसलेले बुवा मात्र मंचावरचे नव्हेत, गावातल्या हरिपाठाचे आहेत. त्यांनी कणीक मळून डाव्या पुडीला, म्हणजे कातड्याच्या तोंडाला, लावली, थोडी काढली, पुन्हा लावली, आणि खर्ज मनासारखा लागेपर्यंत अर्धा तास आमच्याकडे पाहिलेही नाही.

या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. लेहऱ्यासाठी संवादिनी तयार होती. बुवांनी ती नम्रपणे नाकारली आणि चार टाळकरी बोलावले. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात टाळ पडत राहिले आणि पखवाज त्यातून सुटून चौपट लयीत गेला. टाळांचा नाद तीव्र आणि पसरट असल्याने तो प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरला, पट्ट्या वेगळ्या करणे अशक्य झाले, आणि माझा मित्र दिवसभर कपाळाला हात लावून बसला. माझ्या मते हे आजवरचे सर्वात चांगले मुद्रण आहे. पखवाज कुठे आहे हे प्रत्येक क्षणी कळते. दोन ठिकाणी एक टाळकरी खोकतो, ते तसेच ठेवणार आहे.

2 एप्रिल 2025, केज तालुका

पाडवा रविवारी झाला. हलगीवाले दादा कारखान्यावरून परतल्याचे कळले, म्हणून मुद्रण ऐकवायला गेलो. पुतण्या शेजारी बसला होता. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून ताजे होते.

दादा डोळे मिटून ऐकत होते. नववे मिनिट जवळ आले तसा मी सावरून बसलो, कारण माझ्या टिपणात त्या जागेवर तीन ओळी लिहून झाल्या होत्या, आणि विद्यार्थ्यांना आडलयीचे उदाहरण म्हणून तीच ऐकवायची असे ठरलेही होते. जागा आली, गेली, आणि दादांनी पुतण्याच्या पाठीत धपाटा घातला.

"हितं ह्यो चुकला बगा. याचं ध्यान लोकांकडं. अर्धा ठोका मागं ऱ्हायला. मंग मी त्याच्या मागं गेलो, त्याला धरून आणला."

आम्ही ती जागा पुन्हा लावली, या वेळी झांजेची पट्टी मोठी करून. 9:10 ला झांज खरोखरच घसरते. हलगी दोन आवर्तने तिच्याभोवती घिरट्या घालते, एकदा मुद्दाम तिच्याइतकीच मागे पडते, आणि मग ठोक्याठोक्याने पुढे सरकत 9:40 ला तिला मूळ लयीत आणून ठेवते. पहिल्या मायक्रोफोनवर, जिथे फक्त हलगी ऐकू येते, तिथे यातले काहीच कळत नाही. तिथे ती केवळ विलक्षण आडलय आहे.

पुतण्या मान खाली घालून हसत होता. ती जागा कापू का, असे मी दादांना विचारले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. पोरगं ऐकल."

घरी येऊन टिपणातल्या त्या तीन ओळी खोडल्या आणि त्यांच्या जागी लिहिले: "9:10 ते 9:40, झांज मागे पडते, हलगी तिला परत आणते. दोन्ही पट्ट्या एकत्रच ऐकाव्यात."